सुया सात, लेकरू एक

ढोरांच्या डॉक्टरनं कुत्रीला सुया टोचायला घेतल्या आणि रुखमाची दुपार गेली.

साल शहाऐंशी. सिंदेवाहीच्या लाकूड डेपोवाल्या साहेबांची ज्युली, पांढरी झुबकेदार पामेरियन, मागचा पाय ओढू लागली. गोळ्या झाल्या, मालिश झाली. मग डॉक्टर गुणवंतराव पुढे झाले. नागपूरचं पंधरा दिवसांचं शिबिर त्यांच्या अंगात अजून ताजं होतं. "ॲक्युपंक्चर! चीनमध्ये घोडे पळतात यावर." दवाखान्यासमोर कडूनिंबाखाली लंगडे बैल उभे होतेच, पण बैलाची कातडी जाड आणि सुया नाजूक, असं डॉक्टरांचं शास्त्र.

सुया टोचल्यावर ज्युलीनं वीस मिनिटं पडून राहायला हवं. बाईसाहेबांच्या मांडीवर ती राहीना. साहेबांना तर चावलीच. राहिली फक्त भांडी घासणाऱ्या रुखमाच्या मांडीवर, तेही रुखमा अंगाई गुणगुणेल तर. ही अंगाई खरी तिच्या सहा महिन्यांच्या इतवारीची.

इतवारीचं दुपारचं दूध त्या वीस मिनिटांत अडकलं. वीस म्हणायचे नुसते. त्याआधी डॉक्टरांची वाट बघण्यात तास जाई, आणि सुया निघाल्यावर बाईसाहेबांचं सुरू होई, "थोडं थोपट गं तिला." घरी सासू मनकर्णा पोरीला पेजेचं पाणी पाजून बघे, पोर तोंड फिरवी. इकडे रुखमाचं पोलकं भिजून जाई.

"बाई, पोरगी भुकेजली असंन जी. जाऊ काय?"

"अगं, हलू नकोस! कानातली सुई हलते."

सातव्या दिवशी रुखमा पोरीलाच कडेवर घेऊन आली.

"हे काय?" बाईसाहेबांच्या भुवया वर गेल्या.

"मांड्या दोन हायेत ना बाई मले. एकीवर तुमची, एकीवर माही."

"आवाज नको म्हणजे झालं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सातही सुया टोचल्या.

इतवारी पदराखाली गेली आणि चुटूचुटू प्यायला लागली. तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब, एक मूठ पोलक्याला घट्ट धरलेली. आठवडाभरात भर दुपारी रुखमानं तिला असं बघितलंच नव्हतं. थोपटणारा हात कुत्रीवरून कधी निघाला, तिला कळलं नाही. अंगाईसुद्धा तिकडेच वळली.

ज्युलीनं एक डोळा उघडला. गुरगुरली. कोणी बघेना. मग ती उठली, चारी पायांवर, आणि अंगावरच्या सुया थरथरवत रुखमाच्या पाठीमागून वळसा घालून गेली नि तिनं पदराखाली नाक खुपसलं.

"चालली! अहो, चालली!" बाईसाहेब ओरडल्या.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "अकराव्या मिनिटाला गुण. नागपूरला कळवायलाच पाहिजे."

"मंग झालं ना डाक्टरभाऊ? उद्यापासून जाऊ ना मी घरी दुपारी?"

"छे! कोर्स एकवीस दिवसांचा असतो."

रुखमानं ज्युलीकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "पण पोरगी घरी ठेवली, तं हे कुत्री उठन काय?"

डॉक्टर विचारात पडले. कुत्री इतवारीकडे टक लावून बसली होती. नागपूरला कळवल्यावर ती पुन्हा पाय ओढायला लागली तर? त्यांनी पेन काढलं.

बाईसाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. 'रोज दुपारी. सुया सात. लेकरू एक, अंगावर पिणारं.' डॉक्टरांनीच लिहिलेलं, मोडायचं कसं?

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात गादी घातलेली होती, टेकायला लोड होता. रुखमा ऐसपैस बसली. आधी तिनं इतवारीला घेतलं, मग ज्युलीला.