तळाचं पाणी

"मीटरच बिघडलाय," पाणी तपासणाऱ्या बाईने मोठ्याने म्हटलं खरं, पण तिचं तिलाच ते पटलं नाही. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारं ते यंत्र महिनाभर दुरुस्तीला होतं, परवाच नीट होऊन आलं होतं. तिने यंत्राची तार पुन्हा वर ओढली, पुसली आणि एकेक मीटर मोजत खाली सोडली. आठव्या मीटरला आकडा शून्यावर आला. महिन्यापूर्वी हेच शून्य विसाव्या मीटरला होतं.

म्हणजे ऑक्सिजन नसलेलं मेलेलं पाणी महिन्याभरात बारा मीटर वर चढलं होतं. आणि शहराचा पाणी उपसायचा पाइप होता सहाव्या मीटरला.

पलीकडचा काठ दिसू नये एवढं मोठं ते सरोवर. अकरा वर्षं ती दर सोमवारी याच जागी यायची, आणि बोट चालवायला अकरा वर्षं हेच काका. तिने तळाच्या पाण्याची बाटली वर घेऊन बूच काढलं, तसे काका झटकन मागे सरले. नासक्या अंड्यांचा भपकारा आला होता.

"बाई, आधी बूच लावा."

"काय झालं, काका?"

"हा वास मी एकदा घेतलाय. लग्नाला वर्षही झालं नव्हतं माझ्या. सकाळी काठावर मासेच मासे, पांढरी पोटं वर करून. लोक हसत टोपल्या भरत होते. तिसऱ्या दिवसापासून तेच पाणी पिऊन घराघरांतून माणसं आजारी पडायला लागली. माझी थोरली बहीण त्याच आठवड्यात गेली."

बाईला ही हकिगत ठाऊक होती, पण चिखलातून. सरोवराच्या तळात लांब नळी खुपसून तिने गाळाचा उभा कांडका काढला होता. शेकडो वर्षं थरावर थर बसलेली, मातकट आणि शांत. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या जागी मात्र बोटभर जाडीचा काळाकुट्ट पट्टा. तेव्हा कारखान्यांची गटारं थेट सरोवरात सुटायची. माणसं दगावल्यावर कायदा झाला, गटारं बंद झाली, वरचे थर पुन्हा मातकट झाले. पण सगळ्यात वरचा थर परत काळा पडू लागला होता. तिने तसा अहवाल दिला. पाणी खात्याच्या साहेबांनी तो वाचलाही असेल, कुणी सांगावं!

"वारा फिरला," काका म्हणाले.

वारा शहराकडून सरोवराकडे वाहू लागला, की वरचं पाणी पलीकडे ढकललं जातं आणि शहराच्या काठाशी त्याची जागा तळाचं पाणी घेतं. सकाळी शहराकडे वाहणारा वारा आता शहराच्या बाजूने तोंडावर येत होता.

"काका, पंपघराकडे. जेवढ्या जोरात जाईल तेवढ्या."

इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. तिसऱ्यांदा सुरू झालं. अर्ध्या वाटेत मासे दिसले. जिवंत होते. शेकडो तोंडं पाण्याबाहेर येऊन उघडमीट करत होती, आणि बोट अंगावर आली तरी एकही मासा बाजूला होत नव्हता. काकांनी मान फिरवली. तिला मात्र नजर हलवता येईना. घरी आई अंथरुणाला खिळलेली; दर तासाला तिला पाणी लागायचं, आणि ते तांब्यात भरून ठेवणारी शेजारीण नळाचंच भरायची.

पंपघरातल्या माणसाला सगळे 'एकमिनिट' म्हणत. कशालाही त्याचं पहिलं उत्तर तेच.

"उपसा बंद कर!" बाई दारातूनच ओरडली.

"एक मिनिट, ताई. साहेबांच्या सहीशिवाय मी व्हॉल्व्हला हात लावत नाही. नोकरी जाईल माझी."

तिने साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. "वास येतो म्हणून अख्ख्या शहराचं पाणी तोडायचं?" साहेब शांतपणे म्हणाले. "नमुना प्रयोगशाळेत द्या. उद्या अहवाल आला की बघू."

"साहेब, उद्यापर्यंत..."

फोन ठेवला गेला होता. खिडकीतून काठ दिसत होता. हिरवट पाण्यात तळाच्या पाण्याचा एक दुधी पट्टा उठला होता आणि बघता बघता रुंदावत होता. काका एकमिनिटपुढे जाऊन उभे राहिले. "तुझी मुलं कुठलं पाणी पितात रे?" एवढंच त्यांनी विचारलं.

तोवर बाईने व्हॉल्व्हचं चाक धरलं होतं. ते तसूभरही हलेना. तळहाताची सालटं निघाली. मग शेजारी आणखी दोन हात आले. एकमिनिट दातावर दात आवळून चाक फिरवत राहिला. मग त्यानेच बटण दाबलं आणि पंपांची घरघर थांबली.

संध्याकाळपर्यंत काठ मेलेल्या माशांनी पांढरा झाला. वेळेत बंद केलं की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. वारा पडून उपसा पुन्हा सुरू होईपर्यंत शहराने उंच टाक्यांतल्या साठ्यावर पाच दिवस काढले. लोकांनी रांगेत उभं राहून तिला शिव्या घातल्या. ती आईच्या उशाशी बसून तिचा श्वास मोजत राहिली. कुठे उलटी झाल्याचं कानावर आलं की ती उठून आईचा तांब्या हुंगून बघायची. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यामुळे आजारी पडलेला एकही रुग्ण नाही. तेव्हा ती मोरीत जाऊन रडली.

चौकशी झालीच. "तुमची खात्री होती का?" समितीने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मी घाबरले होते."

तिला समज देण्यात आली. एकमिनिटची बदली झाली. महिन्याभराने, शहराच्या वरच्या अंगाला झुडपांमागून रात्रंदिवस वाहणारी तीन नवी गटारं सापडली. दोन बंद झाली, तिसऱ्याचा खटला अजून चालू आहे. तो वास पुन्हा नको म्हणून काकांनी बोट विकायला काढली. पुढच्या सोमवारी बाई दुसऱ्या नावाड्याला घेऊन सरोवरात गेली आणि तार सोडू लागली. तिसरा मीटर, चौथा, पाचवा. दर आकड्याला तिचा हात क्षणभर थांबत होता.