अर्धपुतळ्याचं हसू

"नाक फुगवलंय बाईंनी. बाबांचं असं नव्हतं," सर्वेश बहिणीच्या कानात कुरकुरला. मी त्या कानापासून हातभर अंतरावर उभी होते. पण मूर्ती करणारीला ऐकू येत नाही, असं सगळेच धरून चालतात.

जोगेश्वरीतल्या माझ्या गाळ्यात त्यांच्या वडिलांचं, धाकूंचं, मातीचं डोकं फिरत्या पाटावर ठेवलं होतं. वर्षश्राद्धाला हा अर्धपुतळा मालाडच्या घरी, हॉलमध्ये, आईच्या दिवाणासमोर बसवायचा होता. आई, जानकीबाई, स्टुलावर बसल्या होत्या. पर्स, पिशव्या, पाण्याची बाटली, सगळं मुलांनी त्यांच्याकडे सोपवलं होतं. मत सोडून.

"आजच सांगा काय ते," मी म्हटलं. "साचा घेतला की चेहरा पक्का."

शिल्पकला तशी सोपी असते. दगडातून नको ते काढत जायचं. इथल्या लेण्यांत तेच केलंय, आणि पसंतीला नातेवाईक आले नाहीत म्हणून ते काम पुरंही झालं असावं. मातीत काढताही येतं, लावताही येतं, म्हणून अख्खं कुटुंब येतं. आत सळईचा सांगाडा, त्यावर शाडू, वरून प्लास्टरचा साचा, साच्यात फायबर, फायबरवर ब्राँझचा रंग. एवढं झालं की माणूस थोर.

"केस जरा दाट करा ना," श्वेता म्हणाली. केले. मेल्यावर केस येतात, हा अनुभव आहे.

"आणि हसरे हवेत. मंडळात सगळे म्हणतात, धाकूभाऊ म्हणजे हसरा माणूस."

"तुम्ही दिलेल्या फोटोत तर हसत नाहीयेत," मी म्हटलं.

"अहो, तो घरातला फोटो आहे," सर्वेश म्हणाला, आणि एकदम मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागला.

मी ओठांचे कोपरे अंगठ्याने वर घेतले, गालांवर माती चढवली आणि पाट फिरवला. चेहरा जानकीबाईंकडे वळला. त्यांनी स्टूल मागे सरकवलं.

"झकास!" सर्वेश म्हणाला. "आई, आवडले ना बाबा?"

"आईला आवडणारच रे," श्वेता घाईघाईने म्हणाली. "तुम्ही प्लास्टर करा हो."

मी घमेल्यात पाणी घेतलं, पण प्लास्टरची पिशवी काही फोडली नाही. "जानकीबाई, दिवसभर तुमच्याच समोर असणार हे. तुम्ही बोला."

त्यांनी मांडीवरची पर्स, पिशव्या, बाटली एकेक करून जमिनीवर ठेवली.

"भायर हसत," त्या म्हणाल्या. "घरात येवन माका मारीत. तुमका दोघांकाय ठावक आसा. ह्यो पुतळो माझ्यासमोर नको."