पंचवीस पूर्ण

"नवरा कोणत्या आजाराने गेला?" मणिलाल कारकुनाने टाक दौतीत बुडवत विचारले.

"ते कशाला हवंय तुम्हाला?"

"मला नको, बेन. रकान्याला हवंय."

नवज्वराने, मी सांगितले. त्याने सावकाश लिहिले. मग मुले किती झाली, किती जगली, देवी टोचल्या आहेत का, टोचल्याचा दाखला कुठे, माहेर कुठले, सासरचे मूळ गाव कुठले. उदयसिंहराव पागेत होते, तर कोणाच्या हाताखाली. अहो, मला बघायला आलेल्यांनीसुद्धा इतके विचारले नव्हते! आणि वर कळस म्हणजे, चालचलणूक चांगली असल्याबद्दल नात्यात नसलेल्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या चिठ्ठ्या. आता नात्यात नसलेले दोन गृहस्थ विधवा बाईला चांगले ओळखत असतील, तर तिची चालचलणूक चांगली कोण म्हणेल? तरी आणल्या. एक वैद्यबुवांची, एक मारुतीच्या पुजाऱ्याची. त्यासाठी आठ दिवस उंबरे झिजवले.

हे सगळे सोसत होते ते दोन खोल्यांसाठी. बडोद्यात सयाजीगंजात एका शेठजींनी मुलींचे छात्रालय काढले होते आणि तिथे देखरेखीला बाई हवी होती. राहायला दोन खोल्या, शिवाय घरचे एक बाईमाणूस सोबत ठेवायची मुभा. माझे घरचे माणूस एकच, माझ्या सासूबाई जिजाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. उदयसिंहराव गेले त्याला सात वर्षे झाली. तेव्हापासून आम्ही दोघी त्यांचे चुलतभाऊ सुभानराव यांच्या पडवीत होतो. आता सुभानरावांनी मुलाचे लग्न ठरवले होते आणि पडवी चैत्रापर्यंत रिकामी हवी, असे तोंडावर सांगितले होते. बोलताना नजर मात्र अंगणातल्या तुळशीकडे होती. लाज वाटत असावी.

"आता वय," मणिलाल म्हणाला.

मी पत्रिका पुढे केली. आत्याबाईंनी सकाळी ती नळकांड्यातून मोठ्या हौसेने काढून दिली होती. त्याने बोटे मोजली आणि टाक खाली ठेवला.

"तेवीस. एम तो न चाले, बेन. पंचवीस पूर्ण पाहिजेत. शेठजींचा नियम छे."

"मला पंचवीस पूर्ण आहेत," मी ताडकन म्हणाले. माझी जीभ ही अशी. डोक्याला विचारत नाही.

"मग हा कागद खोटा?"

त्याने माझे तोंड पाहून ओळखले. माणूस वाईट नव्हता. दुसरा कागद असेल तर आणा म्हणाला. मात्र दोन कागद, दोन वये म्हटल्यावर घरच्या वडीलधाऱ्या माणसाने समक्ष येऊन सांगायला हवे की खरा कोणता.

दुसरा कागद होता. माहेरी, सावली गावात, माझ्या भावाच्या पेटीत.

माझ्या जन्माच्या वेळी केलेल्या पत्रिकेत मंगळ सातव्या घरात होता. कडक. मला दोन स्थळे आली आणि पत्रिका बघून उठून गेली. तिसरे हे बडोद्याचे आले तेव्हा माझ्या वडिलांनी, श्रीपतराव बापूंनी, नवी पत्रिका करून घेतली. मला सव्वादोन वर्षांनी लहान केले आणि मंगळाला पाठवले तिसऱ्या घरात. छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले. आत्याबाईंनी पेढे वाटले. आणि लग्नाला चार वर्षे होतात न होतात तोच उदयसिंहराव गेले.

तेव्हापासून आत्याबाईंचा एकच प्रश्न. जो भटजी भेटेल त्याच्यापुढे त्या आमच्या नवराबायकोच्या दोन्ही पत्रिका पसरायच्या. "एकोणतीस गुण होते हो. मग माझा उदय का गेला?" भटजी मान हलवायचे, दक्षिणा घ्यायचे. आळीतल्या बायका मला पांढऱ्या पायाची म्हणायच्या, तर ही बाई पदर खोचून भांडायला उभी. "पत्रिका बघून आणलीय मी! निर्मळ आहे माझी सून. पुन्हा तोंडातून शब्द काढाल तर याद राखा!"

सात वर्षे ती माझ्यासाठी भांडली, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर सावलीला पेटीत पडून होते. मंगळावर माझा विश्वास आहे का? विचारू नका. तिचा होता, एवढे मला पुरे होते.

तरी मी सावलीला गेले. चैत्र तोंडावर आला होता. धनाजीराव, माझा भाऊ, पत्रिका देईना.

"अक्का, बापूंनी शपथ घातली होती. ही त्या घरात जायची नाही."

"बापूंनी शपथ घातली, छप्पर नाही घातलं. दे इकडे."

आत्याबाईंना मी सांगितले, सावलीच्या भटजींनी तुमच्याकडच्या पत्रिकेत साल चुकीचे घातले होते, आता खरी सापडली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षर वाचायचा प्रश्न आधीही नव्हता. कचेरीत जायचे, 'हीच खरी' म्हणायचे, अंगठा द्यायचा. दोन मिनिटांचे काम. मणिलालला मी बजावून ठेवले होते की फक्त साल वाचा.

पण कचेरीत त्या दिवशी मणिलालच्या शेजारी एक शास्त्रीबुवा बसलेले. शेठजींनी खात्री करायला पाठवलेले.

आत्याबाई धुवट लुगडे नेसून, माझा हात धरून आल्या होत्या. त्यांनी नमस्कार केला. "लिहा दादा, माझी सून पंचवीस वर्षांची आहे. हवं तर सव्वीस लिहा."

"घाई नको, बा," मणिलाल हसला.

शास्त्रीबुवांनी खरी पत्रिका उलगडली आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतली. शके अठराशे बारा, कार्तिक मास. ते बरोबर होते. तिथे थांबायचे ना! पण नाही. त्यांचे बोट कुंडलीवर गेले, भुवया वर चढल्या. "अरेरे. बाई, ही पत्रिका जुळवली कुणी? हिच्यात तर सातव्या..."

मी पत्रिका त्यांच्या हातातून ओढली. कोपरा फाटला. टेबलावरची दुसरीही उचलली आणि दोन्ही एकात एक गुंडाळून पदराखाली घेतल्या.

"वयाचा दाखला मागितला होता तुम्ही," मी म्हणाले. "माझं नशीब वाचायला नाही दिलेलं."

"दुर्गे!" आत्याबाई ओरडल्या.

शास्त्रीबुवा लाल झाले. मणिलाल मधे पडला. "बेन, बेन, शांती राखो. उद्या दुपारपर्यंत जागा धरून ठेवतो. तो कागद घेऊन या, हे नसताना मीच बघतो."

रस्ताभर आत्याबाई मला फैलावर घेत होत्या. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून कागद हिसकावतात का, नोकरी मागायला गेलीस की मारामारी करायला, याच फणकाऱ्याने पडवीतून रस्त्यावर येऊ आपण. मी ऐकून घेत होते. एक शब्दही खोटा नव्हता.

घरी आल्यावर मी चहाचे आधण ठेवले. आत्याबाई भिंतीला टेकल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "ते शास्त्रीबुवा काय म्हणत होते गं? सातव्या काय?"

"काही नाही. अक्षर लागत नव्हतं त्यांना."

"हं." मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मला एक सुचलं बघ. इतकी वर्षं मी चुकीच्या सालाची पत्रिका दाखवत होते. कसं उत्तर देणार भटजी? आता खरी मिळालीय. परवा डभोईचे जोशीबुवा यायचेत, त्यांच्यापुढे ठेवते. ते नक्की सांगतील, माझा उदय का गेला."

मी आधणात साखर दुसऱ्यांदा टाकली.

"आण त्या दोन्ही," त्या म्हणाल्या. नळकांडे काढून त्यांनी उदयसिंहरावांची पत्रिका मांडीवर घेतली. "आता ती चुकीची घरात कशाला? चुकीची म्हणजे कुणाचीच नाही. टाक चुलीत. कुठली ती तूच बघ, मला कुठलं दिसायला."

मी चुलीपुढे बसले. दोन्ही कागद पिवळे, दोन्हींना कुंकवाची बोटे. एकाचा कोपरा नुकताच फाटलेला. त्या फाटक्या कागदात माझी सव्वादोन वर्षे होती, आणि सयाजीगंजातल्या दोन खोल्या. धनाजीकडे दुसरी प्रत नव्हती. मला रडू येत होते आणि रागही येत होता. शेठजींचा, शास्त्रीबुवांचा, बापूंचा, आणि मांडीवर पोराची पत्रिका घेऊन आशेने बसलेल्या या बाईचासुद्धा.

फाटक्या कोपऱ्याचा कागद मी चुलीत सारला. लगेच पेटेना, म्हणून फुंकणी घेतली.

"जळली?"

"जळली."

दुसरा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर पसरून तळहाताने सपाट केला, मुलाच्या पत्रिकेत गुंडाळला आणि दोरा बांधला.

"झालं एकदाचं बरोबर," त्या म्हणाल्या. "उद्या त्या कारकुनाकडे लवकर जाऊ हं. आणि तू तोंड आवर."

"हो," मी म्हणाले आणि चहा गाळला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. मणिलालने हात पुढे केला. मी रिकामा हात दाखवला. त्याने माझ्याकडे पाहिले, काहीतरी विचारणार होता, पण त्यासाठी रकाना नसावा.

"वय?" तो हळूच म्हणाला.

"तेवीस," मी सांगितले. "लिहा."