सत्काराच्या ताटातला दाखला

पाचच्या आत नागपूर गाठायचं होतं. विद्यापीठाच्या वकिलीच्या कोर्सला पायलचा नंबर लागला होता आणि प्रवेशाचा आज शेवटचा दिवस. पाच वाजून गेले की तिची जागा यादीतल्या पुढच्याला. अन् तिचा शाळेचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, जातीचं प्रमाणपत्र, सगळं पडलं होतं कळंबच्या बालगृहाच्या स्टेजवर, एका ताटात, शाल-नारळाखाली. पाहुण्यांच्या हस्ते द्यायला!

आठ दिवस ती कागद मागत होती. अध्यक्ष नरहरराव म्हणायचे, "घाई काय एवढी? सत्कारात देऊ. फोटो चांगला येतो."

कार्यक्रम दहाचा. साडेअकरा झाले तरी पुण्याचे पाहुणे गावातल्या चिंतामणीच्या देवळात दर्शनालाच.

"शोभाताई, बाराची गाडी गेली तं मी मेली," पायल अधीक्षिकेला म्हणाली.

"शुभ बोल गं! मी काय करू? साहेबांना विचार."

आले एकदाचे पाहुणे. नरहररावांनी माईक धरला. कापूस, करपलेली शेतं, विदर्भाचे अश्रू, सगळं झालं. मग पायलकडे बोट. "या लेकरानं कापसाच्या शेतात बापाचं प्रेत पाहिलं!"

पायलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा बाप राजूरच्या खाणीवर कोळसा भरायचा, टीबीनं खंगून मेला. पण टीबीला कोण देणगी देतं? पेपरात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांचे फोटो यायला लागले आणि या घरातली सगळी पोरं एका दमात कापसाची अनाथ झाली. मेलेल्या माणसाचं मरणसुद्धा बदलून विकलं या लोकांनी.

"दोन शब्द बोल, बेटा," नरहरराव कानाशी पुटपुटले. "रडू आलं तर अडवू नको."

ती माईकपाशी गेली. "माह्या बापाचं नाव भीमराज. कोळसा भरे तो. त्याच्यापाशी कुंडीभर माती नव्हती. टीबीनं मेला. आता मले नागपूरले जायचं हाये."

तिनं शाल उचलून फेकली. नारळ गडगडत पहिल्या रांगेत गेला. कागद छातीशी धरून ती निघाली.

"ए! पाहुण्यांचा हात लागला नाही अजून!" नरहरराव ओरडले. "गेलीस तर या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही!"

"अठराची झाली म्हणून परवाच तं माही पेटी बाहेर काढली तुम्ही. कोणतं दार, साहेब?"

फाटकापाशी अकरावीतली दीपा धावत आली. "पायलताई, माहे बी कागद हापिसातच हायेत."

"आजच माग."

"नाई देले तं?"

"तं बोंब मार. पाहुणे बसलेच हायेत समोर."

पायल पळत सुटली. नागपूरची गाडी स्टँडातून वळून रस्त्याला लागत होती. तिनं हात केला नाही, सरळ आडवी उभी राहिली. ड्रायव्हरनं शिवी हासडत ब्रेक दाबला, कंडक्टरनं दार उघडलं.

ती पायरीवर चढली तेव्हा मागून, बालगृहाच्या कर्ण्यातून, दीपाचा आवाज येत होता.