उजव्या कोपऱ्यातलं सातवं छिद्र

मित्रांनो, वीतभर रुंद आणि दीड वीत उंच अशा जुन्या पत्र्याची विचारपूस सहसा कोणी करत नाही. तुम्ही थांबलाच आहात तर सांगतो. मी ॲल्युमिनियमचा आहे, माझ्या कडा मागे दुमडलेल्या आहेत आणि मी एका वाजणाऱ्या खोक्याचं तोंड आहे. कोपऱ्यांतली स्क्रूची छिद्रं सोडली तर माझ्या अंगावर सात छिद्रं आहेत. त्यांतली सहा ठरवून पाडलेली आहेत. सातव्याचं काय, हा प्रश्न मला फार दिवस सतावत होता. मी मुळातच चौकस आहे. भिंतीवर टांगलेल्या पत्र्यांना काही पडलेली नसते, मला मात्र सगळ्यात नाक खुपसायचं असतं.

माझं लहानपण डोंबिवलीच्या एमआयडीसीत गेलं. तिथल्या एका छोट्या कारखान्यात मोठमोठ्या यंत्रांसाठी बटणांची कपाटं बनत. त्या कामातून उरलेला तुकडा म्हणजे मी. कारखान्यात नीला नावाची मुलगी ट्रेसर होती. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेली चित्रं आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायची, हे तिचं काम. तिची रेघ इतकी नेटकी असे की साहेब तिचा कागद पुन्हा तपासत नसत. ती आंबिवलीहून यायची. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर एकदा ती भंगाराच्या ढिगापाशी आली, माझ्यावर बोट फिरवलं आणि साहेबांना विचारून मला बाजूला काढलं. मला काय तो आनंद! वितळायला जाणार होतो, ते वाचलो.

मला कशासाठी निवडलं, ते हळूहळू कळलं. नीलाचे वडील, आबा, वस्तीतल्या गायनपार्टीत पेटी वाजवायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या पेटीशिवाय पहिलं गाणं सुरू होत नसे. त्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. ते बोलू लागले, काठी घेऊन चालूही लागले, पण डावा हात लुळा पडला. पेटीला एक हात पट्ट्यांवर लागतो आणि दुसरा मागचा भाता हलवायला. भात्याचा हातच गेला. आबांनी पेटीवर चादर घातली आणि पार्टीतली माणसं भेटायला आली की ते झोपल्याचं सोंग घेऊ लागले.

एका नातेवाइकाने विजेवर चालणारा तयार कीबोर्ड आणून दिला होता. आबांनी एक गाणं वाजवलं आणि तो बाजूला सारला. ते नीलाला म्हणाले, "हे बोलतं गं, पण श्वास घेत नाही. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच."

ते वाक्य नीलाच्या डोक्यातून जाईना. तिला एका इंग्रजी मासिकात विजेवर सूर काढणाऱ्या, घरी बनवायच्या सिंथेसायझरची माहिती सापडली. त्यात एक अखंड वाद्य नसतं. सूर काढणारा भाग वेगळा, त्याला धार देणारा वेगळा, आवाज लहानमोठा करणारा वेगळा. प्रत्येकाला आपापला पत्रा, आणि सगळे बाहेरून वायरींनी एकमेकांना जोडायचे. मोडक्या पेटीच्या पट्ट्या तिने कल्याणच्या एका पेटीवाल्याकडून आणल्या. तीन पत्रे लागणार होते. आवाज लहानमोठा करणारा तिसरा पत्रा मी. येत्या जयंतीला आबांनी आपल्या जागी बसायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

तिने मला आखलं ते पाहण्यासारखं होतं. झोपलेल्या आबांच्या उजव्या पंजाचं माप तिने दोऱ्याने घेतलं. त्या हाताला सहज सापडेल असा मोठा नॉब वर उजवीकडे. एक लहान नॉब, एक लाल दिवा. वायरी खुपसायची तीन छिद्रं मात्र डावीकडे, म्हणजे वायरी हाताच्या आड यायला नकोत. सगळं ट्रेसिंग पेपरवर उतरवून तिने तो कागद माझ्यावर चिकटवला आणि जेवणाच्या सुट्टीत मला सखारामकाकांच्या हवाली केलं.

सखारामकाका कारखान्याचे फिटर. त्यांची पद्धत ठरलेली होती, आधी पंचाचा एक ठोका, मग एक छिद्र. ठोक्याने पडलेल्या खळग्यात ड्रिलचं टोक बसतं, नाहीतर ते पत्र्यावरून घसरत जातं. त्यांनी खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला दुखलं. पण दुखण्यापेक्षा, माझ्यातून पलीकडचं दिसायला लागलं याचीच मला गंमत वाटत होती.

तेवढ्यात नीला डबा धुऊन आली आणि जागीच उभी राहिली.

"काका, थांबा. कागद उलटा लागलाय."

"उलटा? अगं, मी होल मारतो, मनातलं वाचत नाही. चिकटवला कोणी?"

"मीच."

चूक मोठी गमतीची होती. ट्रेसिंग पेपर दोन्हीकडून सारखाच दिसतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात नाव आणि तारखेची चौकट काढतात, ती पाहिली की सुलटी बाजू कळते. नीलाने अशा शेकडो चौकटी काढल्या होत्या. घरच्या कामाला कशाला हवी, म्हणून या एकाच कागदावर काढली नव्हती.

"मग पत्राच उलटवू या," काका म्हणाले, आणि माझ्या कडांवर हात जाताच त्यांनी तो मागे घेतला. कडा आधीच मागे दुमडलेल्या होत्या. उलटवणार कसा?

डावीकडे पाडायचं छिद्र उजव्या कोपऱ्यात पडलं होतं. नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा तुकडा मिळायला किती दिवस लागतील कोण जाणे. शेवटी काकांनी कागद सुलटा चिकटवला, ठरलेली सहाही छिद्रं नीट पाडली आणि कानशीने त्यांच्या कडा गुळगुळीत केल्या. नीलाने प्रत्येक छिद्राखाली शाईने नाव लिहिलं. सातव्याखाली काहीच लिहिलं नाही, वर एक काळी चिकटपट्टी लावून टाकली. मला फार वाईट वाटलं. मी वाट पाहत राहिलो, याच्यात कोण येणार?

मार्चमध्ये खोकं तयार झालं. एका रविवारी दुपारी नीलाने ते टेबलावर ठेवलं आणि आबांना खुर्चीत बसवलं. आई, मीराबाई, खिडकीपाशी शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत होत्या. आबांनी उजव्या हाताने पट्टी दाबली आणि घरात सूर घुमला. छान भरदार सूर. आबांचा चेहरा उजळला. त्यांनी चार सूर वाजवले, मग गाण्याची ओळ वाजवली आणि हात थांबवला.

"आवाज वाढवायचा कसा?"

"हा मोठा नॉब फिरवा ना, आबा. तुमच्या हाताच्या मापाने ठेवलाय."

आबांनी नॉबकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "नीला, हा हात तर पट्टीवर आहे. नॉब फिरवायला दुसरा कुठून आणू?"

मित्रांनो, मी पत्रा आहे, पण त्या क्षणी कुठेतरी दुमडून जावंसं वाटलं. माप बरोबर होतं, जागा बरोबर होती. एकच हात एकाच वेळी दोन कामं करणार नाही, एवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. नीला खाली मान घालून बसली. आबा तिला समजावू लागले, "चांगलं झालंय गं, मी असाच वाजवीन," आणि ते समजावणंच तिला जास्त लागत होतं.

शिवणयंत्राचा खडखडाट थांबला. मीराबाई म्हणाल्या, "डावा हात गेलाय, उजवा पाय आहे ना जागेवर? मी बारा वर्षं पायानेच भाकरी कमावते."

नीलाने मान वर केली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या उजव्या कोपऱ्यातली काळी पट्टी टरकन ओढून काढली.

पुढच्या आठवड्यात सखारामकाकांनी दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक स्प्रिंग घेऊन पायपट्टी बनवली. पाय दाबला की आवाज वाढायचा, उचलला की उतरायचा. नीलाने माझ्या मागची जोडणी थोडी बदलली. पायपट्टीची वायर माझ्यात कुठे बसली असेल? छिद्र वायरीच्याच मापाचं होतं, आणि बरोबर त्या बाजूला, जिथून वायर सरळ आबांच्या उजव्या पायापाशी उतरते. काका म्हणाले, "बघ, मी आधीच मारून ठेवलेलं होल. कोणी मानायला तयार नाही."

जयंतीच्या संध्याकाळी गायक सतरंजीवर बसले होते आणि आबा त्यांच्या शेजारी खुर्चीवर. त्यांनी पहिला सूर इतका हळू सोडला की मलाही जेमतेम ऐकू आला. मग तो भरत गेला, ओळीच्या शेवटी ओसरला आणि पुन्हा भरला. मुख्य गायक रामा गाता गाता वळून बघू लागला. मांडवामागे उभी असलेली नीला रडत होती आणि हसतही होती. माझ्या अंगावरची सगळ्यांत कुरूप जागा त्या दिवशी श्वास घेत होती. मला अभिमान वाटला, लपवत नाही.

सहा वर्षं आम्ही वाजलो. मग आबा गेले. खोकं खाटेखाली गेलं, पायपट्टीची वायर उंदरांनी कुरतडली, माझ्या अंगावर पांढरे डाग पडले. कारखान्यात संगणक आला आणि ट्रेसिंग पेपरची गरज संपली. नीला संगणकावर चित्रं काढायला शिकली, पण खाटेखाली वाकून बघायला तिला सवड होत नव्हती. मी रागावलो नाही. अंधारात पडून आपलीच छिद्रं मोजत असे.

गेल्या महिन्यात कोणीतरी मला बाहेर ओढलं. नीलाच होती, चष्मा लागलेली. तिच्याबरोबर वस्तीतली सुमती होती. तीही पार्टीत पेटी वाजवायची. प्रेस मशीनमध्ये तिच्या डाव्या हाताची बोटं गेली होती, आणि तो हात ती पदराखाली झाकून बसली होती. नीलाने ओल्या फडक्याने मला पुसलं. मग कुठूनतरी जपून ठेवलेला ट्रेसिंग पेपर काढला, माझ्यावर अंथरला आणि नव्या पत्र्यासाठी एकेक गोल उतरवू लागली.

कागदाखालून मी श्वास रोखून बघत होतो. सहा गोल झाले. पेन थांबलं. सुमतीने माझ्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "ताई, बाकी सगळ्यांखाली नाव आहे. याच्याखाली काहीच कसं नाही?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू पडलेली असेल, एखादी खाच, एखादं जास्तीचं छिद्र असलेली. ती फेकण्याआधी पुसा, आणि ते कशासाठी आहे हे तिच्या माणसांना विचारा. विचारणारं कोणी असलं की आम्हाला पुरतं.

नीलाने सुमतीला सगळं सांगितलं. मग कागदाच्या कोपऱ्यात आधी नाव आणि तारखेची चौकट काढली, सातवा गोल काढला आणि त्याच्याखाली आपल्या नेटक्या अक्षरात लिहिलं, 'आबा'.