वरच्या मजल्याची भाडेकरू

गवंड्याने उभं आयुष्य लोकांची घरं बांधण्यात घालवलं आणि उतारवयात स्वतःचं दुमजली घर उभं केलं. त्या घराचा त्याला कोण अभिमान! येईल त्याला जिना दाखवायचा, फरशीवरून हात फिरवायला लावायचा. वरचा मजला भाड्याने द्यायचा, पण भाडेकरू टिकत नसत. मनात येईल तेव्हा हा चावी लावून आत शिरायचा. कोणी कुरकुर केली तर म्हणायचा, "माझंच तर घर आहे!"

मग थोरली लेक नवऱ्यापासून वेगळी होऊन परत आली. बस चालवायची ती. बाप म्हणाला, "वरचा मजला तुझाच." पण तिने आधी रीतसर करार केला, मगच सामान वर चढवलं. गवंड्याला तो पोरखेळ वाटला.

एका दुपारी खालच्या छताला ओल दिसली. त्याची बहीण पाहुणी आली होती, तिलाही वरची फरशी दाखवता येईल म्हणून तो तिला घेऊन वर गेला. दार वाजवता वाजवताच त्याने कुलपात चावी घातली. आतून कडी होती. दार जरासं किलकिलं झालं, लेकीचे तांबारलेले डोळे दिसले.

"बाबा, मालक म्हणून आलात की बाप म्हणून?"

"म्हणजे काय? ओल आलीय. न्हाणीघर बघायचंय."

"पाणी गळतंय?"

"छे, नुसता डाग आहे."

"मग मालक म्हणून आलात. मालकाने आदल्या दिवशी कळवायचं, असं करारात आहे. पहाटेची पाळी करून आत्ता कुठे डोळा लागला होता."

दार बंद झालं. बहीण फणकारली, "दादा, फार डोक्यावर चढवलंयस तिला!"

गवंडी तणतणत ओळखीच्या वकिलाकडे गेला. वकिलाने सगळं ऐकून घेतलं.

"दुरुस्तीसाठी आत जायचा हक्क तुला आहे. ती कायमची अडवू शकत नाही. पण आधी कळवायचं, तिच्या सोयीची वेळ बघायची. आग लागली, पाइप फुटला, तर गोष्ट वेगळी."

"आणि मी तसाच घुसलो तर?"

"तर ती तुझ्यावर दावा लावेल."

"माझी पोरगी? माझ्यावर?"

"हो. आणि जिंकेल."

गवंडी हळूच म्हणाला, "नक्की जिंकेल?"

"डोळे झाकून."

याच लेकीला सासरी कोणीही येता-जाता बोलायचं आणि ती मान खाली घालून ऐकायची. ते आठवून गवंड्याला भरून आलं. परतताना त्याची छाती फुगली होती.

घरी येऊन त्याने जिन्याखालूनच हाक मारली, "भाडेकरूबाई, उद्या सकाळी ओल बघायला येऊ का?"

"संध्याकाळी या, मालक!" वरून हसत उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने दार वाजवलं आणि बाहेर थांबला. लेकीने दार उघडून खुर्ची दिली, चहा दिला. न्हाणीघरात फरशीचा एक सांधा कच्चा राहिला होता, त्याच्याच हातचा. तो ओशाळला, पण लगेच बाह्या सरसावून कामाला लागला. लेकीने बॅटरी धरली.

"दादा, घेतलं का शेवटी घरात?" बहिणीने खाली विचारलं.

"घेणार नाहीतर काय! हक्कच आहे माझा," तो ऐटीत म्हणाला. "पण सांगून ठेवतो, अशी भाडेकरू गावात दुसऱ्या कोणाकडे नसेल. तिला न विचारता आत पाऊल टाकायची खुद्द मालकाची टाप नाही!"