देवाच्या हत्तीवर

आधीच सांगते, मला कानडी येतंय. लगीन होऊन कोल्हापुरातनं निपाणीकडच्या ह्या गावात आले त्याला चाळीस वर्सं झाली. बर्री, कूडरी, ऊटा माडरी, म्हंजे या, बसा, जेवा, एवढ्यावर मी अख्खा बाजार करते. आमची सून प्रिया म्हणती, "आत्ती, तुमचं कानडी लई भारी हाय, फक्त कानडी लोकास्नी कळत न्हाय." हसू दे तिला. ह्याच कानडीनं मला हत्तीवर बसवलं.

आमचे मालक, आण्णासाहेब, त्यांचं देवाकडं जायचं गणित साधं. एकेक सोडत जायचं. कांदा-बटाटा आमच्या जैनांच्या घरात तसाबी न्हाय, त्येनी पुढं साखर सोडली, मग तूप, मग पायातल्या चपला. आन् ह्या चातुर्मासात बोलणं सोडलं! खुणांना मुभा, शब्दाला बंदी. चातुर्मास सरला तरी तोंड उघडंना. बस्तीत, म्हंजे आमच्या देवळात, नवी मूर्ती बसणार हुती, तवर मौन म्हणे. अहो, मग मी भांडायचं कुणाशी? मी एकटीच दोन्हीकडनं भांडायची, आन् तरीबी हरायची.

माझं मत उलटं. देवाकडं जायचं तर नटून, गात, वाजत जावं. सगळं सोडून गेलेला माणूस बघून देव म्हणंल, ह्यो रिकाम्या हातानं काय आलाय! मूर्ती बसवायच्या पूजेत एक जोडपं इंद्र-इंद्राणी हुतंय, मुकुट घालून हत्तीवरनं मिरवतंय. ते बघत मी लहानाची मोठी झाले. एकदा, फकस्त एकदा मला त्या हत्तीवर बसायचं होतं. पण बसायचं जोडीनं, आन् आमच्या ह्यांचं ठरलेलं, "हत्तीवर अहंकार बसतोय, मनू." झालं! तिथंच विषय संपायचा.

तर पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी उपाध्यांचा फोन आला. उपाध्ये म्हंजे आमची पूजा सांगणारे, चिकोडीकडचे, पक्के कानडी. हत्तीवर कोण बसणार ते कमिटीनं तवर फोडलं नव्हतं. प्रिया शाळेत शिकवायला गेलती. माझे हात पिठात, म्हणून मी कोपरानं स्पीकर लावला. समोर हे ताटावर बसलेले.

"नाळी मुंजाने नीवु इब्बरू देवर हत्तिर कूडरी," उपाध्ये म्हणले आन् फोन ठिवला.

मी शब्द लावले. नाळी म्हंजे उद्या. देवर म्हंजे देवाचा. कूडरी म्हंजे बसा. आन् मधी काय? हत्ती! उद्या देवाच्या हत्तीवर बसा!

"अहो, हत्ती!" मी वरडले. ह्यांनी हात वर केला, कायतरी खूण करणार तसा. तवर मी पिठाच्या हातानं एक गिरकी मारली, साठी उलटलेली बाई मी! त्यांचा हात तसाच खाली आला आन् ते गप भाकरी मोडाय लागले. म्हटलं, मुकुट घालाय लागणार म्हणून तोंड पडलं असंल. पडू दे.

मग काय, मी फोन खाली ठिवलाच न्हाय. कोल्हापूरला धाकटी भैन सुलोचना, तिच्या जावा, मामाची पोरं, समद्यास्नी आवतण. "येष्टीनं या, जीपनं या, पण या! मी हत्तीवर हाय!" सुलोचना दोनदा इंद्राणी झालीया, आन् दर सणाला तेच फोटो पाठवून मला जाळती. प्रियानं संध्याकाळी शाळेच्या गॅदरिंगच्या पेटीतनं दोन मुकुट आणले. ह्यांच्या वाट्याचा रावणाचा होता, पण सोनेरी होता. मला वाटलं, आता हे भिरकावत्यात. कुठलं काय! त्येनी गप डोक्यावर चढवला, आन् आरशात बघून सरळबी केला.

सकाळी मांडवात हत्ती उभा. खरा न्हाय हो, फायबरचा, चाकावरचा. बटण दाबलं की कान हलवतोय आन् सोंडेतनं अत्तराचं पाणी उडवतोय. मला तर खऱ्यापेक्षा ह्योच आवडला. मी शालूचा पदर खोचला, शिडीवर पाय ठिवला, वर बघते तर काय! जिनेंद्र आन् सौम्या, बेळगावचं नवं जोडपं, मुकुट घालून बसलंय.

"उतर की रं," मी म्हटलं. "माझी जागा हाय."

उपाध्ये धोतर सावरत पळत आले. "आक्का, नीवु इल्ली? तुम्ही इथं कशा? मी देवर हत्तिर म्हटलं! हत्तिर म्हंजे जवळ! तुम्ही दोघांनी मूर्तीजवळ बसायचं, चौरंगाशेजारी." मग कपाळावर हात मारून म्हणले, "कानडीत हत्तीला आने म्हणतात आक्का. हत्ती म्हंजे कापूस!"

मांडव हसून फुटला. "कापसावर बसवा आक्कास्नी!" कुणीतरी वरडलं. सुलोचनाचा मोबाइल चालूच, त्यात सगळं निघत होतं. मूर्तीजवळची जागा म्हंजे केवढा मान, मला काय कळत न्हाय व्हय? पण मला हत्ती पायजे होता, खोटं कशाला बोलू. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाय शिडीवरनं खाली घेववंना.

तेवढ्यात मागनं एक खरखरीत आवाज आला.

"उपाध्ये मराठीत बोलले."

सगळे वळले. आमचे हे! रावणाचा मुकुट, हातात जपमाळ, आन् उघडलेलं तोंड. गावात तंटा झाला की लोक म्हणत्यात, आण्णासाहेबांस्नी विचारा, तो माणूस खोटं बोलायचा न्हाय.

"मी समोर बसून ऐकलंय," हे म्हणले. "देवाच्या हत्तीवर बसा, असं मराठीत म्हणले."

उपाध्यांनी आ वासला. त्येनी ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, उपरण्यानं घाम पुसला.

"व्हय," म्हणले. "मराठीत बोललो. चुकून."

"चढा आत्ती," वरनं सौम्या हसत म्हणाली, "चौघांची जागा हाय!"

मी चढले म्हणताय? उडाले! मागनं हे आले. बसताना जिनेंद्रचा गुडघा बटणावर पडला आन् सोंडेतलं सगळं पाणी सुलोचनावर, मोबाइलसकट. देवा, तुझी करणी!

ताशा वाजला, हत्ती डुगडुगत निघाला. मी हळूच इचारलं, "अहो, खरंच मराठीत बोलले?"

"न्हाय."

"म्हंजे तुमास्नी फोनवरच कळलं होतं? मग खुणेनं तरी सांगायचं!"

"सांगणार होतो. तू गिरकी मारलीस."

मला एकदम भरून आलं. ह्या माणसानं चपला सोडून दगडधोंडे तुडवले, तोंड शिवून घेतलं, आन् माझ्यापायी एका घटकेत सगळं घालवलं.

"मौन गेलं, खरं बोलणंबी गेलं," मी म्हटलं. "आता देव लांब गेला की हो तुमच्यापासनं."

हे हसले, तसा रावणाचा मुकुट घसरून डोळ्यांवर आला.

"हत्तिर," म्हणले.

ह्या खेपेला मला कानडी बरोबर कळलं. मी सरकून त्यांना चिकटून बसले.